परराज्यातली गाडी महाराष्ट्र पासिंग करताना : तुमचे अनुभव लिहा

नोकरीची बदली, लग्न, म्हाताऱ्या आईवडिलांजवळ परत येणं... माणूस राज्य बदलतो आणि गाडीही सोबत येते. तिच्या कागदांबद्दल मात्र दहा जण दहा गोष्टी सांगतात. म्हणून ज्यांनी हे काम शेवटपर्यंत नेलंय त्यांचे अनुभव एका जागी यावेत, ही इच्छा. गाडी कुठून कुठे आणली, कराचं काय झालं, आवडीचा नंबर घेतलेला असेल तर तो राहिला की गेला, हे जरूर लिहा. सुरुवात मी करते.

आमची पेट्रोल गाडी बंगळूरहून पुण्याला आली. कर्ज फिटलं होतं, पण आरसीवर (गाडीच्या नोंदणीच्या दाखल्यावर) बँकेचा बोजा तसाच होता. बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ देऊन आधी तो उतरवला, थकलेली ई-चलनं भरली आणि मग फॉर्म २८ भरून एनओसी, म्हणजे जुन्या आरटीओचं ना-हरकत पत्र, मागितलं. एनओसीवर पुण्याच्या आरटीओचं नाव घातलं जातं, त्यामुळे नक्की कुठे राहणार हे आधी ठरलेलं बरं. इथे आल्यावर नव्या नंबरासाठीचा फॉर्म २७, चेसिस नंबरचा पेन्सिलने घेतलेला ठसा, गाडीची तपासणी आणि कर. महाराष्ट्रात पेट्रोल गाडीचा एकरकमी कर किमतीनुसार वाढत्या टक्क्यांनी लागतो. गाडी जुनी असेल तर वयाप्रमाणे तो कमी होतो, पण रक्कम तरीही मोठीच असते. ती बाजूला काढून ठेवा.

कर्नाटकात भरलेल्या आजीवन कराचा उरलेला भाग परत मागता येतो, पण नवीन आरसी हातात आल्यावरच. म्हणजे काही काळ दोन्ही राज्यांचा कर तुमच्याच खिशातून गेलेला असतो. मूळ कराची पावती जपा. आमचं काम तिच्यामुळेच झालं.

पणजीहून
माझा अनुभव छोटा आहे. कामासाठी पुण्यात आलो होतो, वर्ष व्हायच्या आत परत गोव्याला गेलो. गाडी जीए पासिंगच ठेवली. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ४७ नीट वाचा : गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ ठेवली तर नवा क्रमांक घ्यावा लागतो. थोड्या दिवसांसाठी आलेल्यांनी घाबरून एजंटला पैसे देऊ नयेत. भाडेकरार आणि कंपनीचं पत्र मात्र मी गाडीतच ठेवत असे.

कोल्हापूरहून
बाबांची गाडी बेळगावची, केए २२. चार आकडे त्यांनी मुद्दाम मागून घेतले होते. घरात सगळ्यांना ते पाठ. बाबा गेल्यावर गाडी माझ्याकडे कोल्हापूरला आणायचं ठरलं. आधी बेळगावातच गाडी माझ्या नावावर केली. मालक वारला तर वारसासाठी फॉर्म ३१ असतो आणि तो तीन महिन्यांत द्यायचा असतो. दुःखात हे कुणाला सुचत नाही, म्हणून इथे लिहितेय. भावाचं आणि आईचं संमतीपत्र जोडलं. नंतर एनओसी.

मला वाटायचं, पैसे भरून घेतलेला नंबर म्हणजे आपला, गाडीसोबत येईल. तसं होत नाही. राज्य बदललं की जुनी अक्षरंही जातात आणि आकडेही. पण चार आकडे तेच मिळू शकतात, आरटीओच्या चालू मालिकेत (नंबरांच्या सध्याच्या गटात) ते शिल्लक असतील तर. एमएच ०९ च्या तेव्हाच्या मालिकेत बाबांचे आकडे आधीच कुणीतरी घेतले होते. मी पुढची मालिका उघडेपर्यंत थांबले आणि पसंती क्रमांकाची फी भरून तेच घेतले. त्या पैशांत दुसरं बरंच काही आलं असतं. पण आईने गाडीची नवी पाटी बघितली, आणि मला त्या खर्चाचं क्षणभरही वाईट वाटलं नाही.

नागपूरहून
दिल्लीची डिझेल गाडी स्वस्त मिळते म्हणून घेणाऱ्यांसाठी. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर हरित लवादाने आधी बंदी घातली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती कायम ठेवली. म्हणून तिथले लोक वय भरत आलेल्या गाड्या बाहेरच्या राज्यांत विकत आले. मी घेतली आणि समाधानी आहे. पण हिशेब करताना गाडीची किंमत, इथला डिझेलचा कर (पेट्रोलपेक्षा जास्त), नवी एचएसआरपी (उच्च सुरक्षा) नंबरपाटी आणि विमा एकत्र धरा. विम्यावरचा आणि फास्टॅगवरचा नंबर लगेच बदलून घ्या. गाडीवर एक नंबर आणि पॉलिसीवर दुसरा असेल तर दाव्याच्या वेळी त्रास होतो.

हिंजवडीहून
दर दोन-तीन वर्षांनी बदली असेल तर बीएच (भारत) मालिका बघा, म्हणजे राज्य बदललं तरी न बदलणारा नंबर. २०२१ पासून सुरू आहे. केंद्र-राज्य सरकारी नोकर, संरक्षण दलातले आणि चार किंवा जास्त राज्यांत कार्यालयं असलेल्या खासगी कंपन्यांचे कर्मचारी पात्र ठरतात. खासगीवाल्यांना कंपनीकडून फॉर्म ६०, म्हणजे नोकरीचा दाखला, आणावा लागतो. कर दोन-दोन वर्षांचा. २०२२ च्या डिसेंबरमध्ये नियम बदलले, तेव्हापासून जुनी गाडीही बीएचमध्ये नेता येते. मी तशीच नेली. आता एनओसी नाही, परताव्याचा अर्ज नाही. पण नंबर संगणक देतो, निवडता येत नाही. वरच्या ताईंसारखी ज्यांची ओढ असेल, त्यांच्यासाठी बीएच नाही.

लेस्टरहून
इथली पद्धत वाचून तुम्हाला नवल वाटेल. ब्रिटनमध्ये खासगी नंबर गाडीपासून वेगळा करून विकता येतो, जपून ठेवता येतो, दुसऱ्या गाडीला लावता येतो. मी उत्तर आयर्लंडचा एक नंबर विकत घेतला. त्यांच्या नंबरांत आय किंवा झेड हे अक्षर असतं आणि गाडीचं वर्ष सांगणारा भाग नसतो, म्हणून तो कुठल्याही वयाच्या गाडीला चालतो. मला आजोबांची आद्याक्षरं हवी होती.

विकणाऱ्याने ८० पौंड भरून नंबर आपल्या गाडीवरून काढला आणि त्याचा व्ही७७८ दाखला (नंबर राखून ठेवल्याचा कागद) माझ्या नावाने करून दिला. गाडीला लावताना पुन्हा फी पडली नाही. काम ऑनलाइन झालं, नंतर नवी नोंदणी वही टपालाने आली. पाट्या नोंदणीकृत दुकानातूनच घ्याव्या लागतात, दुकानदार ओळखपत्र आणि नंबरचा कागद दोन्ही बघतो. विमा कंपनीला मी त्याच दिवशी कळवलं. एक सांभाळा : गाडी विकण्याआधी नंबर काढून घ्या, नाहीतर तो गाडीसोबत नव्या मालकाकडे जातो.

नांदेडहून
हैदराबादची दुचाकी आहे, टीएस पासिंग. मुलगी इथल्या कॉलेजात आली आहे, चार वर्षं राहील. दुचाकीलाही हेच सगळं लागतं का?

धागाकर्ती
हो, तेच फॉर्म, तोच क्रम. चार वर्षं राहणार म्हणजे नोंदणी बदलावीच लागेल. गाडी तुमच्या नावावर असेल आणि तिच्या नावावर करायची असेल तर हस्तांतराचे फॉर्म २९ आणि ३० एनओसीच्या अर्जासोबतच विचारून घ्या. दुचाकीचा कर गाडीपेक्षा पुष्कळ कमी येतो. तुमचं काम झालं की इथे नक्की लिहा, तेलंगणाहून आलेलं अजून कुणीच बोललेलं नाही.