मदत हवी आहे : पीक गेलंय (शेतातलं नव्हे, आलेखातलं)

पडदानशीन :
नमस्कार मंडळी. पीएचडीचं तिसरं वर्ष, विषय फ्युएल सेलमधली मेम्ब्रेन, म्हणजे प्रोटॉन आरपार सोडणारा पातळ पडदा. जुलैत ट्रॉम्बेला ध्रुव अणुभट्टीवर सॅन्ससाठी (लहान कोनांत विखुरलेल्या न्यूट्रॉनचं मोजमाप) बीमटाइम, म्हणजे यंत्रावरची वेळ, मिळाला. नॅफिऑनच्या (याच मेम्ब्रेनचं प्लॅस्टिक) ५० मायक्रॉनच्या दोन पट्ट्या नेल्या होत्या, एक साधी आणि एक १२० अंशांवर तापवून अ‍ॅनील केलेली. दोन्ही रात्रभर जड पाण्यात (हायड्रोजनऐवजी ड्युटेरियम असलेल्या) बुडवलेल्या.

साधीचा आलेख अगदी पुस्तकातला. क्यू (न्यूट्रॉन किती वळले त्याचं माप) ०.१५ प्रति अँगस्ट्रॉमच्या आसपास ठसठशीत पीक, म्हणजे उंचवटा, त्यावरून मेम्ब्रेनमधल्या पाण्याच्या कप्प्यांमधलं अंतर साधारण ४ नॅनोमीटर. दुसरीचा आलेख सपाट, वर बॅकग्राउंड दुप्पट.

सर म्हणतात, अ‍ॅनील करताना कप्पे मोडले, लिहून टाक. मला पटत नाही. याच पट्टीची वाहकता जेमतेम कमी झालीय. कप्पेच नाहीत तर प्रोटॉन जातात कुठून?

एक गोष्ट सरांना सांगितलेली नाही. दुसरी पट्टी नमुन्याच्या डबीत (सेलमध्ये) भरताना डबीची क्वार्ट्झची चकती सापडेना, म्हणून पट्टी टिपकागदावर ठेवून शोधत बसले. दहा-बारा मिनिटं गेली असतील. बाहेर धो धो पाऊस. एवढ्यानं फरक पडतो का? पुढचा बीमटाइम कधी मिळेल देव जाणे.

जुनं_खोड :
ताई, चोर टिपकागदावरच आहे. एवढ्याशा पट्टीत पाणी ते किती! दमट हवेत त्यातलं ड्युटेरियम मिनिटांत निघून जातं आणि त्याच्या जागी हायड्रोजन येऊन बसतो.

आता गणित बघा. न्यूट्रॉनच्या लेखी जड पाण्याची विकिरण-घनता (न्यूट्रॉन विखुरण्याची ताकद) ६.४, साध्या पाण्याची उणे ०.५६ आणि नॅफिऑनच्या सांगाड्याची चाराच्या थोडी वर (सगळे आकडे दहाचा उणे सहावा घात, प्रति चौरस अँगस्ट्रॉम). दोन भाग जड पाण्यात एक भाग साधं मिसळलं की पाणी आणि सांगाडा जवळजवळ सारखेच दिसतात. कप्पे जागच्या जागी आहेत, फक्त ओळखू येत नाहीत. बॅकग्राउंड चढलं तेही हायड्रोजनमुळेच. त्याचं असंगत विकिरण (सगळीकडे सारखं पसरून बॅकग्राउंड वाढवणारं) ८० बार्न, ड्युटेरियमचं फक्त २. नुसते कप्पे मोडले असते तर बॅकग्राउंड कशाला चढलं असतं?

ट्रान्समिशन (किती न्यूट्रॉन आरपार गेले) बघायला जाऊ नका, इतक्या पातळ पट्टीत ते काही सांगणार नाही. तीच पट्टी ओली करून क्ष-किरणांवर लावा. क्ष-किरणांना इलेक्ट्रॉनशी मतलब, जड-हलकं पाणी त्यांना एकच. तिथे पीक दिसलं तर विषय मिटला. आणि पुढच्या वेळी जड पाणी तीनदा बदला, पट्टी पाण्यातून थेट डबीत टाका. चकती आधी शोधून ठेवा!

पडदानशीन :
काका, वाचलात बघा मला! क्ष-किरणांचं यंत्र आमच्याच मजल्यावर आहे, पट्टीही जपून ठेवलीय. उद्याच लावते. आता टिपकागदाचं सरांना कसं सांगू, यावरही सल्ला चालेल.