मदत हवी आहे: ब्रदरच्या सांगण्यावरून आईने शुगरच्या गोळ्या बंद केल्यात

जय ख्रिस्त सगळ्यांना. मी नवापूर तालुक्यातला, नोकरीला नाशिकला. गावी आई आणि लहान बहीण. आजोबांपासून आमची मंडळी (चर्च) एकच, ते उपासनेत ढोलक वाजवायचे.

पावसाळ्यापासून सुरतेकडून एक ब्रदर गावात येतात, शुक्रवारी रात्री कोणाच्या तरी अंगणात चंगाई सभा (प्रार्थनेने आजार बरे करायची) घेतात. सुरुवातीला मलाही बरं वाटलं, गाणी छान, आई खुश. मग प्रार्थना केलेल्या तेलाची बाटली आली २०० रुपयांची, मग ‘बीज पेरा’ सुरू झालं, म्हणजे पैसे द्या, देव शंभरपट देईल. कापसाचे ११ हजार आईने पाकिटात घालून देऊन टाकले, मला नाताळात घरी गेलो तेव्हा कळलं. जाऊ द्या, पैसे परत कमावता येतील, पण आता गोळ्या बंद, का तर गोळी घेतली म्हणजे विश्वास कमी पडला. परवा बहिणीने शुगर तपासली तर ३४०!

काही बोललो की आई बायबलमधलं स्तोत्र १०५ काढते, अभिषिक्ताला (देवाने निवडलेल्याला) हात लावू नको. वरून ब्रदरने सांगितलं होतं बहिणीला नोकरी लागेल आणि महिन्याभरात लागली पण (फॉर्म तिने सहा महिने आधीच भरलेला, पण ऐकतंय कोण). मंडळीच्या पाळकांना (पास्टरांना) सांगितलं, ते म्हणे रविवारी उपदेशात घेतो. घेतलं त्यांनी, आई त्या रविवारी गेलीच नाही.

आई चौथी शिकलेली पण शास्त्र (बायबल) रोज वाचते. भांडण नकोय. तिला दाखवता येतील अशी वचनं सांगा.

भुसावळकर ताई: भाऊ आधी गोळ्या, वचनं नंतर. ३४० शुगर म्हणजे आजच डॉक्टरला फोन लाव, बहिणीला सोबत घेऊन आईला दाखव. आणि आईला विचार, प्रेषित पौलाच्या हातून किती लोक बरे झाले, तरी सोबतीच्या त्रफिमाला त्याने मिलेत शहरात आजारी सोडलं ना? शिष्य तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घे म्हणाला, तुझा विश्वास कमी आहे असं नाही म्हणाला. लूक तर स्वतः वैद्य होता आणि पौल त्याला प्रिय वैद्य म्हणतो.

जुना संडेस्कूलवाला: ते १०५ वालं ह्या लोकांचं आवडतं आहे, आमच्याकडे पण एकाने वापरलं होतं. वरच्या ओळींपासून वाचायला लाव आईला. अब्राहाम, इसहाक, याकोब परक्या मुलखात फिरत होते तेव्हा देवाने राजांना दटावलं की ह्यांना त्रास देऊ नका, एवढंच आहे तिथे. उपदेशकाला प्रश्न विचारू नका असं कुठे आहे? उलट प्रेषितांची कृत्ये १७:११ बघ, बिरुया गावचे लोक प्रत्यक्ष पौलाचं बोलणं रोज शास्त्र उघडून तपासायचे आणि त्यांचं कौतुकच केलंय.

नोकरीचं म्हणशील तर बायबलातल्या अनुवाद पुस्तकाचा १३ वा अध्याय वाच, सांगितलेलं चिन्ह खरं झालं तरी तो माणूस देवापासून दूर नेत असेल तर त्याचं ऐकू नका. म्हणजे खरं ठरलं एवढ्यावर पास नाही. मीखा ३:११ पण आहे, पैसे घेऊन भविष्य सांगणाऱ्यांबद्दल, पण ते पहिल्याच दिवशी काढू नको, आईला वाटेल तू ११ हजारासाठी आलास.

भुसावळकर ताई: एक विचारू का, राग नको मानू. तो ब्रदर घरी येतो का? आणि तुमचे पाळक किती वेळा आले?

धागाकर्ता: ताई, आत्ताच बहिणीला विचारलं. आईचे गुडघे धरले होते तेव्हा ब्रदर तीनदा येऊन बसले, चहा पिऊन प्रार्थना करून गेले. मंडळीतून कोणी नाही. मी पण फोनवरच, तेही दोन मिनिटं. काय बोलणार आता.

डॉक्टरांशी बोललो, बहीण उद्या नेतेय, आई हो म्हणाली एकदाची, पण ब्रदरला सांगू नको म्हणे. शनिवारी सकाळच्या एसटीने निघतोय, आठ दिवस रजा टाकलीय. पाळकांना फोन करून म्हटलं उपदेश नको, घरी जेवायला या. आजोबांचं शास्त्र तिथेच आहे, त्यातूनच वाचू दोघं. ते त्रफिमाचं नक्की कुठे आहे? तेवढं सापडत नाहीये.

जुना संडेस्कूलवाला: २ तीमथ्य ४:२०. द्राक्षारसाचं पहिल्या तीमथ्यात, ५:२३.