मदत हवी आहे: कोयना धरणग्रस्त आजी-आजोबांना कॉलेजात वक्ते म्हणून बोलवायचंय

नमस्कार मंडळी. साताऱ्यात एका कॉलेजवर समाजशास्त्र शिकवते, तासिका तत्त्वावर आहे. यंदा विभागाची व्याख्यानमाला माझ्याकडं आलीय, विषय विकास आणि विस्थापन. नेहमी काय होतं, पुण्याहून नाहीतर विद्यापीठातून कुणी सर येतात, तासभर पीपीटी चालते, बोलतात चांगलं पण उदाहरणं सगळी नर्मदेची, पोरं मागं बसून मोबाईल बघतात, मग आभार, फोटो, अहवाल. आणि समोर पाटण-जावळीकडची मुलं बसलेली असतात ज्यांच्या आजा-पणज्याचं गाव कोयनेच्या पाण्यात गेलंय, त्यांना कुणी काही विचारतच नाही.

मागच्या सत्रात फिल्ड प्रोजेक्टला एका मुलीनं स्वतःच्या आजीचं बोलणं रेकॉर्ड करून आणलं. आजीनं बुडालेल्या वावरांची नावं एका दमात घेतलीत, कुठं नाचणी, कुठं वरी, बांधावरचा आंबा कुणाचा, आणि मग नव्या वसाहतीत पहिल्या उन्हाळ्यात पाणी कुठनं आणायच्या ते. तास संपला तरी पोरं विचारतायत, मॅडम जमीन मिळाली का, सातबारा कुणाच्या नावावर झाला. धरण पुरं झालं १९६४ च्या सुमारास आणि राज्याचा पहिला पुनर्वसन कायदा १९७६ चा, म्हणजे ही माणसं उठली तेव्हा हातात कायदाच नव्हता, हे त्या दिवशी पोरांना खरं कळलं. त्यावेळी विशीत असलेले आता ऐंशीच्या पुढं गेलेत, म्हणून मला हे यंदाच करायचंय.

वरून म्हणणं असं की वक्ता पीएचडी पाहिजे, नॅकच्या (कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या) फाइलला ते लागतं. मला प्राध्यापक पण हवेत, पण आजी-आजोबा शोभेला नकोत. कुणी असा कार्यक्रम घेतलाय का, बसवायचं कसं, परवानगी लेखी घ्यायची का, आणि बुडालेल्या गावांची जुनी माहिती कुठं बघू? मानधनाचं पण सांगा, त्यांना नुसती शाल-श्रीफळ देऊन पाठवणं मला पटत नाही.

प्रतिसाद:
मॅडम, जरूर करा. आजींना माईक देऊन भाषण करा म्हणू नका, अवघडतील. नात शेजारी बसवा, तिनं विचारायचं, त्यांनी सांगायचं, आणि सरांना त्यांच्यानंतर बोलू द्या म्हणजे ते ऐकलेल्यावर बोलतील. अहवालात दोघांनाही साधन व्यक्ती लिहा आणि मानधन दोघांना सारखंच मागा. परवानगी आधी घरी जाऊन, मराठीत वाचून दाखवून घ्या, रेकॉर्डिंग कुठं राहणार, कोण ऐकणार ते सांगा, भावकीचं किंवा जमिनीच्या वादाचं काही निघालं तर तेवढं काढून टाकायची मुभा त्यांना द्या. ज्यांचं पुनर्वसनाचं प्रकरण अजून कचेरीत अडकलंय त्यांचं तर फार जपून.

जुने कागद ‘उत्तर सातारा’ नावानं शोधा, १९४९ ते १९६० आपला जिल्हा त्या नावाचा होता, दक्षिण सातारा म्हणजे आताची सांगली. १९५१ च्या जनगणनेचं उत्तर साताऱ्याचं जिल्हा पुस्तक मिळवा, ते धरणाच्या आधीचं, गाववार लोकसंख्या त्यात असते. कलेक्टर ऑफिसात जिल्हा पुनर्वसन शाखेतही कॉलेजचं पत्र घेऊन जा. आणि म्हाताऱ्या माणसांना एसटीनं या म्हणू नका, कॉलेजकडनं गाडी मागून घ्या.