अर्जंट! माकड आणि चावणारी माशी, साम्य-फरक हवेत

मीनल_आई: लेकीला वर्गात चिठ्ठ्या टाकून प्रोजेक्ट दिलाय, तिच्या वाटेला आले माकड आणि चावणारी माशी, उद्या द्यायचाय आणि बाईसाहेबांना आत्ता रात्री नऊला आठवलं. पंख आहेत-नाहीत याच्यापुढे माझी गाडी जात नाहीये. गूगल करा म्हणू नका प्लीज.

गोठेवाला: कुठली माशी? चावणाऱ्या छप्पन्न असतात.

मीनल_आई: घरमाशीसारखीच दिसते, गोठ्यात असते ती.

झूलॉजीवाला: मग स्टोमॉक्सिस. जवळून बघा, सुईसारखी सोंड तोंडापुढे आलेली असते. डासात फक्त मादी रक्त पिते, हिच्यात नर-मादी दोघंही. अंडी सडक्या पेंढ्यात-शेणात, मग अळी, कोष, माशी. माकडाला साडेपाच महिन्यांनी एकच पिल्लू, तेही आईच्या पोटाला चिकटून. पण माकड कुठलं? आणि मुलगी कितवीत?

बागायतदार: माकडाचं नाव काढू नका. केलड्यांनी, म्हणजे लाल तोंडाच्या माकडांनी, यंदा कोवळे नारळ पिरगाळून पिरगाळून खाली टाकलेत, फटाके झाले, कुत्रा झाला, आता कुत्राच त्यांना घाबरतो.

सतीश_७१: माकडताप माशीमुळे होतो हे टाका, मार्क मिळतील.

झूलॉजीवाला: काहीही काय! माकडताप गोचिडीमुळे. १९५७ मध्ये कर्नाटकात क्यासनूरच्या जंगलात सापडला, नंतर सिंधुदुर्गात आमच्या दोडामार्गापर्यंत आला.

सतीश_७१: मग चांदीपुरा व्हायरस?

झूलॉजीवाला: तो वाळूमाशीमुळे, ती माशी वेगळी. चांदीपुरा नागपूरजवळचं गाव, व्हायरस तिथे १९६५ ला मिळाला. इथे काय संबंध?

गोठेवाला: सकाळी गाय सारखी पाय आपटत असेल तर समजा माशी लागली, गुडघ्याखाली ओळीने बसतात. पेंढा कोरडा ठेवा आणि कडुनिंबाचा धूर करा.

मीनल_आई: अहो दादा मी तिसऱ्या मजल्यावर राहते. लेक सहावीत आहे.

झूलॉजीवाला: मग सोपं लिहा. माशीला पाय सहा, माकडाला हात धरून चार. गुणसूत्रं माशीत १०, लाल तोंडाच्या माकडात ४२. साम्य म्हणजे दोघांनाही डोळ्यांनी रंग कळतात. आणि गालातल्या पिशव्या विसरू नका, माकड जांभळं भराभर गालात कोंबतं आणि लांब जाऊन निवांत खातं. काळ्या तोंडाच्या वानराला त्या नसतात, तो पानं खाणारा, त्याचं पोटच कप्प्याकप्प्यांचं.

मीनल_आई: अय्यो. तिने चार्टपेपरवर तोंड काळं रंगवून ठेवलंय, गाल पण फुगवलेत.

बागायतदार: गाल खोडा. नारळ काढलाय का हातात?