पन्नास हजारांत पहिला कॅमेरा: माझं मत जुन्या डीएसएलआरला

माळरानवाला
गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा, जवळ आली की सोलापुरात पोरांना कॅमेरा आठवतो. यंदा माझ्या भाच्याचा नंबर आहे. त्याचं बजेट ५० हजार, आणि त्याला कॅननचा आर१०० हवाय, कारण तो नवा आहे, वॉरंटीत आहे आणि मुख्य म्हणजे मिररलेस आहे, म्हणजे आत आरसा नाही, सेन्सरवरचं चित्रच थेट व्ह्यूफाइंडरमध्ये दिसतं. नवी पेठेतल्या एका ओळखीच्यांकडे कॅननचाच १५००डी विकायला आहे, आरशातून बघायचा जुना डीएसएलआर. १८-५५ (जवळची) आणि ५५-२५० मिलीमीटर (लांबची) अशा दोन्ही लेन्स, जादा बॅटरी आणि बॅग धरून २४ हजार म्हणतात. मी भाच्याला हाच घे म्हणतोय आणि तो ऐकायला तयार नाही. म्हणून इथं लिहितोय, कारण हाच प्रश्न बऱ्याच घरांत चालू असणार.

‘डीएसएलआर संपला’ हे वाक्य पोरं कुठूनतरी ऐकून येतात. कॅननच्या नवीन बॉडी आणि नवीन लेन्स आता मिररलेससाठीच निघतायत, ते मलाही मान्य आहे. पण म्हणून सगळ्यात स्वस्त मिररलेस हा जुन्या डीएसएलआरपेक्षा चांगलाच असणार, हे कुणी ठरवलं? १५००डी २०१८चा, आर१०० २०२३चा. दोन्ही एपीएस-सी या एकाच मापाच्या सेन्सरचे, दोन्ही २४ मेगापिक्सेलचे. दिवसाउजेडी काढलेल्या दोन फोटोंच्या १२ बाय १८ प्रिंट समोर ठेवल्या तर कुठला कशातून काढला हे कुणाला सांगता येणार नाही. हलत्या माणसावर प्रत्येक फोटोला फोकस करत सलग फोटो काढायचे तर १५००डी सेकंदाला ३ काढतो आणि आर१०० साडेतीन. बॅटरी म्हणाल तर व्ह्यूफाइंडरला डोळा लावून १५००डी ५०० फोटो देतो, आर१०० साडेतीनशेच्या आतबाहेर. आणि ज्या पिढीला फोनची सवय आहे तिच्या हातात देताना आर१००चा स्क्रीन ना वळतो, ना त्याला टच आहे.

खरा फरक लेन्सचा. एफचा आकडा जितका लहान तितका लेन्समधून उजेड जास्त. आर१००सोबत येणारी १८-४५ ही एफ/४.५ पासून सुरू होते आणि दुसऱ्या टोकाला एफ/६.३ होते. जुनी १८-५५ एफ/३.५ ते ५.६ आहे, आणि पल्लाही जास्त. लांबची लेन्स घ्यायची तर मिररलेसच्या आरएफ माउंटची आरएफ-एस ५५-२१०, तीही टोकाला एफ/७.१. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर संध्याकाळी पाचनंतर काळवीट उभं राहतं तेव्हा उजेड भराभर उतरत असतो. तिथं २५० मिलीमीटरला एफ/५.६ मिळणं आणि २१०ला एफ/७.१ मिळणं यात आयएसओ आठशेवरून तेराशेच्या घरात जातो, आणि आयएसओ वाढला की फोटोत दाणे वाढतात. शिवाय १५००डी घेऊन हातात २६ हजार उरतात. ५० एमएम एफ/१.८ लेन्स येते, बरा ट्रायपॉड येतो, उरलेल्या पैशांत एसटीनं पोरगं नळदुर्ग, अक्कलकोट, पंढरपूर फिरून येतं. शिकायला तेच लागतं.

बाराबंदी
माळरानवाले काका, तुमचा हिशेब बरोबर आहे, पण तुम्ही तो माळावर बसून केलाय. गड्ड्यात या.

भोगीच्या दुपारी संमती कट्ट्याला यात्रेतला अक्षता सोहळा असतो. डोक्यावर ऊन, आणि समोर हजारो माणसं पांढऱ्याशुभ्र बाराबंदी अंगरख्यात. डीएसएलआरचं उजेड मोजणारं मीटर एवढं पांढरं बघून फोटो अंधारा करतं. पांढरा कपडा राखाडी येतो आणि नंदीध्वजाची उंच काठी धरणाऱ्याचा चेहरा काळवंडतो. नवख्या पोराला हे घरी येऊन कळतं, तोवर अक्षता होऊन गेलेल्या असतात. मिररलेसच्या व्ह्यूफाइंडरमध्ये फोटो कसा येणार ते बटण दाबायच्या आधीच दिसतं. हा एकच गुण नवशिक्यासाठी माझ्या मते बाकी सगळ्यावर भारी आहे.

दुसरं, १५००डीचे फोकस पॉइंट, म्हणजे फोकस धरायच्या जागा, ९, आणि त्यातला क्रॉस-टाइप, म्हणजे उभ्या-आडव्या दोन्ही रेषा पकडणारा भरवशाचा, फक्त मधला. ५० एमएम १.८ला उघडी ठेवून (तेव्हा फोकसमध्ये येणारा भाग अगदी पातळ असतो) बाजूच्या पॉइंटनं गर्दीतला चेहरा धरून दाखवा. मधल्या पॉइंटनं फोकस करून फ्रेम हलवायची तर तेवढ्यात माणूस पुढं गेलेला असतो. आर१०० चेहरा आणि डोळा स्वतः शोधतो, फ्रेमच्या जवळजवळ कुठल्याही कोपऱ्यात. आणि डीएसएलआरमध्ये फोकसचा सेन्सर वेगळा, फोटोचा वेगळा. दोघांत केसभर फरक असला की फोकस डोळ्याऐवजी कानावर जातो, आणि तो दुरुस्त करायची सोय या स्वस्त बॉडीत दिलेलीच नाही. मिररलेस ज्या सेन्सरवर फोटो घेतो त्यावरच फोकस करतो, त्यामुळं ही भानगडच नाही.

माळरानवाला
पांढऱ्या कपड्यांसाठी एव्ही प्लस-मायनसचं बटण दाबून धरा, डायल उजवीकडं फिरवा, काटा प्लस एकवर आणा, फोटो उजळ येतो. झालं. एकदा शिकला की जन्मभर उपयोगी. व्ह्यूफाइंडरनं आयतं दाखवलं तर मीटर असं का वागतं हे पोरगं कधी विचारणार?

५० एमएमच्या फोकसचा मुद्दा मात्र खरा आहे. तो मी खोडणार नाही.

लग्नसराई१३
दादा, मी लग्नाच्या कामावर असतो म्हणून कामाचं तेवढं बोलतो.

पोरानं पुढं कुणाच्या हाताखाली काम करायचं म्हटलं तर १५००डी घेऊ नका. त्याच्या हॉट शूला, म्हणजे वर फ्लॅश बसवायच्या खाचेला, मधली पिन नाही. कॅननच्याच ३०००डी आणि २००डी मार्क टूलाही नाही. आपल्याकडचे लांबचा फ्लॅश उडवणारे स्वस्त साधे ट्रिगर त्या मधल्या पिनवरच चालतात, त्यामुळं फ्लॅश उडतच नाही. गोडॉक्स कंपनीचा कॅननसाठीचा ट्रिगर नव्या फर्मवेअरवर चालतो, पण तो पैसा वेगळा. जुन्या १३००डीला पिन आहे, सेन्सर १८ मेगापिक्सेलचा असला तरी.

पण व्हिडिओसाठी आर१०० घेणाऱ्यांनाही सांगतो, खोक्यावरच्या ४के शब्दावर जाऊ नका. ४के लावलं की चित्र दीडपटीहून जास्त कापलं जातं. १८ एमएमची लेन्स खोलीत लावलीत तर अर्धी माणसं बाहेर. आणि ४केमध्ये सेन्सरवरचा झटपट ड्युअल पिक्सेल फोकस बंद, जुना कॉन्ट्रास्ट फोकस चालतो, तो पुढं-मागं शोधत बसतो. हळदीत नवरी हलली की गेलं. व्हिडिओ करायचा असेल तर कॅननचाच वरचा मिररलेस आर५० घ्या, त्यात ४के पूर्ण रुंदीचं आणि फोकस पक्का. पैसे नसतील तर थांबा, पण आर१०० व्हिडिओसाठी नाही.

हिप्परग्याची_सकाळ
इथं सगळे ‘मिररलेस’ म्हणून एकाच माळेत मणी ओवताहेत. मी पक्षी काढते, माझ्यासाठी आर१०० आणि आर५० यांत जेवढं अंतर आहे तेवढं १५००डी आणि आर१०० यांत नाही. आर१०० फक्त माणसाचा डोळा ओळखतो. आर५० पक्षी, प्राणी आणि गाड्याही ओळखतो. हिवाळ्यात नान्नजला गवतावरून भोवत्या हा शिकारी पक्षी खालून सरकत जातो, मागं तपकिरी गवत, पक्षीही तपकिरी. अशा वेळी ९ पॉइंटांतला एखादा पॉइंट त्याच्यावर ठेवून बसणं हे पहिल्या कॅमेऱ्यावर शिकणाऱ्या मुलाला फार निराश करतं. मी त्या वाटेनं गेलेय, म्हणून म्हणते.

माळरानवाले दादांच्या एफ/५.६च्या मुद्द्याला माझा आक्षेप आहे. या स्वस्त डीएसएलआरना ऑटोफोकसला किमान एफ/५.६ लागतं, त्यामुळं पक्ष्यांसाठी लांबची लेन्स घ्यायची तर ती मोठी, जड आणि महाग. मिररलेस एफ/८लाही फोकस करतो, म्हणूनच टोकाला एफ/८ होणारी आरएफ १००-४०० जमली. ६३५ ग्रॅमची लेन्स आहे ती! हिप्परगा तलावाच्या काठानं पट्टकदंब पक्ष्यांच्या मागं तासन्तास चालले तरी खांदा दुखत नाही. ती आर१००लाही लागते. आज नाही तर पुढच्या वर्षी भाचा ती घेऊ शकेल. १५००डीवर ती कधीच लागणार नाही.

एक सावधगिरी मिररलेसवाल्यांसाठी: माळावर वारा सुटला असताना लेन्स बदलू नका. आरसा नसल्यानं लेन्स काढली की सेन्सर थेट उघडा पडतो, आणि आपल्याकडची धूळ तुम्हाला माहीतच आहे. गाडीत बसून, काचा वर करून, कॅमेरा बंद करून आणि तोंड खाली धरूनच बदला.

पार्क_चौक
वापरलेला घेणार असाल तर आधी हे बघा. निकॉन असेल तर शटर काउंट, म्हणजे आजवर शटर किती वेळा उडालं तो आकडा, फोटोच्या माहितीतच मिळतो. कॅननच्या या बॉडींत तो तसा दिसत नाही, वेगळं सॉफ्टवेअर लागतं, त्यामुळं ‘फार वापरला नाही’ या शब्दावर विसंबून २४ हजार देऊ नका. एफ/१६ला आकाशाचा किंवा पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा, सेन्सरवरचे डाग लगेच दिसतील. १३००डी, १५००डीला सेन्सर आपोआप झटकायची सोय नाही, त्यामुळं डाग असणारच, प्रश्न किती आहेत एवढाच. लेन्समधून टॉर्च मारून बुरशी बघा. ग्रिपचं रबर सुटलंय का बघा. बॅटरी फुगलीय का बघा.

आणि जुन्या लेन्सचं पुढं काय, याची चिंता कुणी करू नये. डीएसएलआरच्या ईएफ आणि ईएफ-एस लेन्स ॲडाप्टर लावून मिररलेसच्या आरएफ बॉडीवर नीट चालतात. उलटं जमत नाही. म्हणजे आज जुन्या लेन्समध्ये घातलेला पैसा बॉडी बदलली तरी वाया जात नाही.

होम_मैदान
शोभेचं दारूकाम तरी कुठल्याही कॅमेऱ्यानं निघतं. ट्रायपॉड, आयएसओ १००, एफ/११, बल्ब मोड (बटण धरलं तेवढा वेळ शटर उघडं), फोकस मॅन्युअल. माझे सगळे १३००डीचे आहेत. त्यासाठी नवा कॅमेरा घेऊ नका.

माळरानवाला
सगळ्यांचं वाचलं, भाच्यालाही वाचायला दिलं. १५००डीचा हट्ट मी सोडतो. पिनचा आणि फोकसचा असे दोन्ही मुद्दे वजनदार आहेत. पण डीएसएलआर सोडत नाही. वापरलेला २००डी बघतोय, २०१७चा, पहिला, मार्क टू नव्हे. त्याला मधली पिन आहे, सेकंदाला ५ फोटो आहेत, वळणारा टच स्क्रीन आहे, आणि लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या स्क्रीनवर बघताना, ड्युअल पिक्सेल फोकस आहे. म्हणजे ५० एमएमला चेहऱ्यावर बोट ठेवलं की फोकस तिथंच, सेन्सरवरूनच. बाराबंदी, तुमचा पांढऱ्या कपड्यांचा प्रश्नही त्याच स्क्रीनवर आधी दिसतो. हे सगळं दोन लेन्ससकट ५० हजारांच्या बरंच आत बसतंय. यात आर१०० कुठं सरस आहे ते आता सांगा.

बाराबंदी
काका, २००डी ही चांगली निवड आहे, १५००डीपेक्षा कितीतरी. तरी माझं म्हणणं कायम आहे. भोगीच्या उन्हात स्क्रीनवर काही दिसत नाही, हात आडवा धरून बघावं लागतं. कॅमेरा डोळ्याला लावावाच लागतो, आणि डोळ्याला लावला की २००डी परत तेच ९ पॉइंट आणि तेच आंधळं मीटर.

माझा आर५० आहे, मित्राचा आर१०० मागून घेतो. तुम्ही २००डी विकत घ्यायच्या आधी एक दिवस मागून आणा. भाच्याला रविवारी दुपारी बाराला सिद्धेश्वर तलावाच्या काठी घेऊन या, सकाळी नको. पांढरा शर्ट घातलेलं कुणीतरी उभं करू आणि तिन्ही कॅमेरे त्याच्या हातात देऊ.

हिप्परग्याची_सकाळ
मी १००-४०० घेऊन येते. पण दुपारनंतर त्याला नान्नजलाही न्यायचं असेल तरच.