अ‍ॅगींना येडचाप म्हणणाऱ्यांसाठी दोन शब्द (दोन म्हणजे बरेच)

कॉलेजस्टेशनकर

'खवचट' यांनी परवाच्या सामन्यावर जे लिहिलं ते वाचून डोकं फिरलं, म्हणून वेगळा धागा. १३ वर्षांच्या खंडानंतर ३० नोव्हेंबर २०२४ ला टेक्सस आणि टेक्सस ए अँड एम या दोन विद्यापीठांचे अमेरिकन फुटबॉल संघ पुन्हा भिडले आणि आम्ही अ‍ॅगी, म्हणजे ए अँड एमवाले, घरच्या मैदानावर १७-७ असे हरलो. हरल्यावर शिव्या खायची तयारी असतेच. पण यांचं म्हणणं असं की ए अँड एमच्या सगळ्या परंपरा म्हणजे हरणाऱ्यांनी स्वतःची समजूत घालायला केलेली सोय. १९३९ नंतर राष्ट्रीय विजेतेपद नाही, म्हणून विद्यापीठाच्या मॅस्कॉट कुत्रीला सैनिकी छात्रांच्या (कॅडेट्सच्या) कमांडरच्याही वरचा हुद्दा द्यायचा, मध्यरात्री स्टेडियममध्ये बोंबा मारायच्या आणि अख्खा सामना उभं राहून त्याला निष्ठा म्हणायचं. वर शेरा, की इंजिनिअरिंग शिकायला गेलेली मराठी पोरं यात वाहवत जातात याची कीव येते.

मी त्या वाहवलेल्यांपैकीच एक. ९८ ला सिव्हिलच्या एमएसला गेलो तेव्हा फुटबॉल हा पायाने खेळतात एवढीच अक्कल होती.

उभं राहण्याचं आधी. २ जानेवारी १९२२, डॅलस. समोर सेंटर कॉलेज, त्या काळातला तगडा संघ. आमची पोरं एकामागून एक जायबंदी व्हायला लागली आणि कोच डेना बायबल यांच्या बाकावर माणसं उरेनात. ई. किंग गिल हा फुटबॉल सोडून बास्केटबॉलकडे गेलेला मुलगा प्रेस बॉक्समध्ये बसून एका वार्ताहराला खेळाडू ओळखून देत होता. त्याला खाली बोलावलं. त्याने जखमी खेळाडूचा गणवेश चढवला आणि सामना संपेपर्यंत कडेला तयारीत उभा राहिला. सामना २२-१४ असा जिंकला. गिलला उतरावं लागलंच नाही. तोच आमचा 'ट्वेल्थ मॅन', अकरांच्या मागचा बारावा गडी, आणि म्हणूनच आमच्या स्टेडियमवर, काईल फील्डवर, विद्यार्थी बसत नाहीत. बाक आहेत, ते पाय ठेवायला. जिंकलेल्या सामन्यातून आलेली गोष्ट आहे ही, यात समजूत कुठून घातली?

राहिली 'कुत्री'. तिला मिस रेव्हिली म्हणतात आणि पहिल्या वर्षाची छात्रं तिच्याशी बोलताना 'मॅम' लावतात. १९३१ ला काही पोरांच्या गाडीखाली एक भटकं कुत्रं आलं, त्यांनी ते उचलून हॉस्टेलवर आणलं, सकाळी बिगुल वाजला तसं ते भुंकायला लागलं आणि बिगुलाचंच नाव त्याला पडलं. आधी वारलेल्या रेव्हिली स्टेडियमच्या उत्तर टोकाला पुरल्यात, स्कोअरबोर्ड दिसेल अशा. पुढे स्टेडियम वाढवताना बोर्ड झाकला गेला, तर त्यांच्यासाठी बाहेर वेगळा छोटा बोर्ड लावला. हसा. मीही हसलो होतो.

खवचट

वा! माझ्या चार ओळींना एवढं मोठं उत्तर. धन्य झालो.

आता जरा इतिहास. १९२२ ला गिल कडेला उभा राहिला, मान्य. पण ही कथा गावभर झाली ती १९३९ मध्ये, एका माजी विद्यार्थ्याने तिच्यावर रेडिओ कार्यक्रम केल्यावर. मधली १७ वर्षं गिलचं विशेष कौतुक कोणाला नव्हतं. 'ट्वेल्थ मॅन' हा शब्दप्रयोगही तुमचा नाही, मिनेसोटात १९०० ला आणि आयोवात १९१२ ला तो छापून आलेला आहे. तरी १९९० ला ट्रेडमार्क कोणी नोंदवला? ए अँड एमने. २००६ ला सिएटल सीहॉक्स या व्यावसायिक फुटबॉल संघाला कोर्टात कोणी खेचलं? ए अँड एमने. तडजोडीत एक लाख डॉलर आणि वर दरवर्षी पाच हजार. निष्ठेचं भाडं म्हणतात याला.

आणि आपल्याकडचा बारावा गडी निदान पाण्याच्या बाटल्या घेऊन मैदानात तरी जातो हो.

मुक्काम_ह्यूस्टन

परंपरा-बिरंपरा राहू द्या. मुलीला कॅम्पस दाखवायला गेलो तो नेमका सामन्याचा शनिवार. एका मोटेलवाल्याने (नाव घेत नाही, घेण्यासारखं नाही) नेहमीच्या चौपट भाव लावला आणि दोन रात्रींची सक्ती. खोलीत एसीचा आवाज असा की विमानतळावर झोपल्यासारखं. आधी यावर कोणीतरी लिहा.

कॉलेजस्टेशनकर

@मुक्काम_ह्यूस्टन: साहेब, लाखभर माणूस त्या गावात, कॉलेज स्टेशनला, उतरतो. काईल फील्डची अधिकृत क्षमताच १,०२,७३३ आहे. वेळापत्रक बघून जायचं असतं.

@खवचट: रेडिओचं ठीक आहे. एखादी गोष्ट लोकांपर्यंत उशिरा पोचली म्हणून ती खोटी होते का? आणि १९८३ ला कोच जॅकी शेरिल यांनी सामान्य विद्यार्थ्यांमधून, स्कॉलरशिप नसलेल्या पोरांमधून अख्खी किकऑफ टीम (चेंडू लाथाडून खेळ सुरू करणारी तुकडी) उभी केली, ती काय रेडिओवर? आजही १२ नंबरची जर्सी अशाच एखाद्या पोराला मिळते. टी.यू.वाल्यांनी असं काही करून दाखवावं.

ऑस्टिनकरीण

'टी.यू.' म्हणे! विद्यापीठाचं नाव युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सस आहे, शंभर वर्षांत तेवढं तरी पाठ व्हायला हवं होतं. खरं तर मी वाचून सोडून देणार होते. पण ज्यांच्या युद्धगीतात स्वतःपेक्षा आमचंच नाव जास्त, आमच्या लाँगहॉर्न बैलाच्या शिंगांना करवत लावायची भाषा करत स्टेडियमभर एकमेकांच्या गळ्यात हात घालून डोलायचं, त्यांनी निष्ठेवर प्रवचन द्यावं? २०१२ ला जास्त पैशांच्या कॉन्फरन्समध्ये (संघांच्या दुसऱ्या गटात) उडी मारून १८९४ पासूनची लढत मोडली कोणी? २०११ च्या शेवटच्या सामन्यात आम्ही २७-२५ जिंकलो आणि तुम्ही सामान आवरलंत.

आणि काका, एवढ्या मोठ्या लेखात एक परंपरा तुम्ही बरोबर गाळलीत. बोनफायर. आमच्याशी सामना असला की आधी ओंडके रचून पेटवायची ती तुमची प्रचंड होळी.

खवचट

+१. वाटच बघत होतो.

कॉलेजस्टेशनकर

गाळली, कारण टोमणे मारायच्या धाग्यावर मला ती आणायची नव्हती.

१८ नोव्हेंबर १९९९. पहाटे २ वाजून ४२ मिनिटांनी ओंडक्यांची ती रास कोसळली. बारा गेले, सत्तावीस जखमी. मी कॅम्पसला लागून असलेल्या नॉर्थगेटजवळ राहायचो, सायरननी जाग आली. उजाडल्यावर तिथे गेलो तर मोठी यंत्रं बाजूला उभी, कारण ओंडका जोरात हलवला तर खाली अडकलेल्याच्या अंगावर येईल अशी भीती. म्हणून हातांनीच काढत होते. फुटबॉल संघाची पोरं, ती दांडगी पोरं, रांगेने ओंडके खांद्यावर घेऊन चालली होती आणि कोणीही बोलत नव्हतं. मला काही करता आलं नाही. रक्तदानाच्या रांगेत उभा राहिलो, तिथे पुढे अडीचशे माणसं.

हे तुम्हाला मुद्दा म्हणून वापरायचं असेल तर वापरा.

ऑस्टिनकरीण

त्या मुलांबद्दल मी एक अक्षर वाईट बोललेले नाही, माझ्या तोंडी घालू नका. मुद्दा तुमचाच आहे. 'आम्ही पूर्वापार करतो' हे एकच उत्तर ज्या गावात चालतं, तिथे प्रश्न विचारणारा कोण?

जुना_बीई

स्ट्रक्चरमध्ये तीस वर्षं काढली म्हणून राहवलं नाही. चौकशी आयोगाचा अहवाल मे २००० मध्ये आला, तो त्या काळी आमच्या ऑफिसात सगळ्यांनी वाचला होता. दारूमुळे पडलं, मुद्दाम कोणी पाडलं, असल्या अफवांत काही तथ्य निघालं नाही. रास मजल्यांची होती, वरचा मजला लहान, खालचा मोठा. वरच्या मजल्याचे उभे ओंडके खालच्या मजल्यातल्या फटींत ठोकून बसवत. पाचर मारल्यासारखं व्हायचं, खालचा मजला आतून बाहेर ढकलला जायचा. हा रेटा पेलायला बाहेरून पोलादी केबल आवळतात, ती आधीच्या काही वर्षांत होती, ९९ ला नव्हती. तारेनं बांधलेल्या ओंडक्यांना तो भार झेपला नाही. ५९ फूट उंच, पाच हजारांवर ओंडके, आणि एकाही इंजिनिअरने तपासलेलं डिझाइन नाही. माहिती दरवर्षी सीनियर पोरांकडून ज्युनियर पोरांकडे तोंडी जायची. बरं, १९९४ ला पावसाने जमीन भुसभुशीत होऊन रास कलली होतीच. तेव्हा काय केलं? पाडून आठवड्याभरात पुन्हा उभी केली आणि त्याचा अभिमान मिरवला.

देशातल्या नावाजलेल्या सिव्हिल विभागांपैकी एक तिथून चालत जाण्याच्या अंतरावर. हे मला आजही पचत नाही.

रेडपॉटचा_रूमी

पचत नसेल तर नका पचवू. माझा रूममेट रेडपॉट होता, म्हणजे ते काम ज्यांच्या हातात असायचं त्यांच्यातला एक. अहवालानंतर ज्याला त्याला अक्कल आली. कुऱ्हाडीने झाड पाडणं, ट्रकवर चढवणं, चढून तारेनं बांधणं, हे सगळं एकोणीस-वीस वर्षांची पोरं अभ्यास सांभाळून करायची. तुम्ही आयुष्यात एसी ऑफिसात बसून लाल पेनने रेघा मारल्या असतील. त्या पोराने पुढे कित्येक वर्षं बोनफायर हा शब्द उच्चारला नाही, माहीत आहे?

जुना_बीई

तू (हो, तूच, वयाने लहान दिसतोस) अहवाल वाचलेला नाहीस. आयोगाने मुख्य दोष पोरांवर टाकलेलाच नाही. वर्षानुवर्षं संस्थेने लक्ष घातलं नाही, असंच म्हटलंय. मीही तेच म्हणतोय. तुझ्या रूममेटवर एवढी जबाबदारी टाकून मोठी माणसं प्रेक्षकांत उभी राहिली, राग त्यांचा यायला हवा. आणि साइटवर उन्हात उभं राहून माझी पाठ गेली, एसीचं सोड.

रेडपॉटचा_रूमी

बरं. एसीचं मागे घेतो. बाकी काही नाही.

मुक्काम_ह्यूस्टन

मग आता काय करतात? मुलीने तिथेच प्रवेश घेतलाय, बायको विचारतेय.

जुना_बीई

विद्यापीठाच्या हद्दीत बंद. सामना परत सुरू होतोय म्हणून बोनफायरही परत आणावा अशी मागणी होती, जून २०२४ मध्ये विद्यापीठाचे तेव्हाचे अध्यक्ष मार्क वेल्श यांनी नाही म्हणून सांगितलं. हद्दीबाहेर पोरं स्वतःचा पेटवतात, पण त्यात इंजिनिअरचा सल्ला असतो आणि प्रत्येक ओंडका जमिनीला टेकलेला असतो, मजल्यावर मजला नाही. वहिनींना सांगा, बघायला जाऊ दे, चढायला नको.

कॉलेजस्टेशनकर

जुना_बीई यांच्या तपशिलाशी माझं भांडण नाही, मीही सिव्हिलचाच. पण बोनफायरमुळे बाकी सगळं खोटं ठरत नाही. सप्टेंबर २००१ मध्ये, त्या हल्ल्यानंतर दीड आठवड्यात, पाच विद्यार्थ्यांनी सत्तर हजार टी-शर्ट छापून विकले. ओक्लाहोमा स्टेटच्या सामन्याला सगळ्यात वरचा मजला लाल, मधला पांढरा, खालचा निळा. मी वर लाल शर्टात होतो. एक लाख ऐंशी हजार डॉलर जमले, सगळे न्यूयॉर्कच्या मदतीला. हे कोणत्या कोचने सांगितलं नव्हतं, आणि ट्रेडमार्कही नाही त्यावर.

ऑस्टिनकरीण

हे छान होतं. झालं समाधान?

आणि तुम्ही सांगणार नाही म्हणून मीच सांगते. ९९ ला दुर्घटनेनंतरच्या सामन्यात आमच्या बँडने टोप्या उतरवून तुमच्यासाठी शोकधून वाजवली होती. आमच्या टॉवरचे दिवे बंद केले होते. टी.यू.च्या.

कॉलेजस्टेशनकर

मी होतो त्या सामन्याला. आख्खं स्टेडियम गप्प होतं आणि तुमच्या बँडसाठी आमची माणसं रडली. युनिव्हर्सिटी ऑफ टेक्ससच्या बँडसाठी. (सामना २०-१६ असा आम्ही जिंकलो, नोंद असावी.)

ऑस्टिनकरीण

एकूण आकडेवारी काढू का? आम्ही तुमच्या दुपटीच्या पुढे आहोत.

खवचट

तुमचं मनोमीलन चालू द्या. रेव्हिलीचा छोटा स्कोअरबोर्ड मला आवडला, हे कबूल करतो, कारण बाकीच्या अ‍ॅगींना जो निकाल बघवत नाही तो ती बिचारी रोज बघते. पण माझा एक प्रश्न तुम्ही सगळ्यांनी मिळून बोनफायरखाली गाडलात. नोव्हेंबर २०२३ ला कोच जिंबो फिशर यांना काढून टाकण्यासाठी सात कोटी साठ लाख डॉलरच्या आसपास रक्कम कबूल केली. काम न करण्याचे! एक माणूस १९२२ ला फुकट उभा राहिला आणि दुसऱ्याला घरी बसायचे एवढे. याची परंपरा कोणती?

रेडपॉटचा_रूमी

ते देणगीदारांचे आणि क्रीडा विभागाचे पैसे आहेत, फीमधले नाहीत. प्रत्येक वेळी तेच.

खवचट

देणगीदारांच्या त्या संस्थेचं नाव काय आहे हो? ट्वेल्थ मॅन फाउंडेशन ना?

कॉलेजस्टेशनकर

ते नाव आहे. आणि हो, फिशरच्या कराराबद्दल मला एक शब्दही बचावाचा बोलायचा नाही, तो आमच्याही घशात अडकलेला आहे. तरी पुढच्या वर्षी कॉलेज स्टेशनला या. तिकीट मी देतो. उभं राहायची अट आहे.

खवचट

गुडघे दुखतात. आणि मोटेल?

मुक्काम_ह्यूस्टन

मोटेलचं मला विचारा.