मदत हवी आहे : ग्रेटसोर्डचा रीरोल स्माइटच्या फाशांनाही लागू होतो का?

डंजन्स अँड ड्रॅगन्स (फाशांवर चालणारा रोल-प्लेइंग खेळ), पाचवी आवृत्ती, २०१४चे नियम. माझं पात्र पॅलाडिन (पवित्र योद्धा), पाचव्या लेव्हलचं, स्ट्रेंग्थ १८ (म्हणजे +४), हातात ग्रेटसोर्ड (दोन हातांनी धरायची तलवार), फायटिंग स्टाइल ग्रेट वेपन फायटिंग (अशा शस्त्राच्या डॅमेजच्या फाशावर १ किंवा २ आला तर तो एकदा परत टाकता येतो, म्हणजे रीरोल). जादूची तलवार नाही, फीट नाही, मल्टिक्लास नाही.

परवा क्रिट (फाशावर २० आल्यावरचा जबर वार) लागला. पहिल्या लेव्हलचा स्लॉट (जादू वापरायची मोजकी संधी) खर्चून डिव्हाइन स्माइट केला, म्हणजे त्या वाराला जादूचं जादा डॅमेज जोडलं. क्रिटला फासे दुप्पट आणि +४ एकदाच, म्हणून ४डी६ (तलवारीचे सहा बाजूंचे चार फासे) + ४डी८ (स्माइटचे आठ बाजूंचे चार) + ४. इथपर्यंत आमच्या टेबलावर एकमत आहे (राक्षस सोडून!). भांडण पुढे झालं. डी८वर दोनदा १ आला. मी ते परत टाकायला घेतले, तर डीएम (खेळ चालवणारा) म्हणाला, रीरोल फक्त तलवारीच्या डी६ना.

नियमात 'हल्ल्याच्या डॅमेजचा फासा' एवढंच आहे, शस्त्राचाच असं मला तरी दिसलं नाही. फरक काढून पाहिला: १-२ एकदा परत टाकले की डी८ची सरासरी ४.५वरून ५.२५ होते, म्हणजे चार फाशांत ३ पॉइंट. मोठं काही नाही, पण मोहीम लांबची आहे, एकदाच ठरवून टाकू.

२०२४च्या नियमांत रीरोलच नाही, १ किंवा २ आला तर ३ धरतात. त्यामुळे तिकडचं उत्तर नको. 'डीएम म्हणेल ते' हेही माहीत आहे, पण त्यालाच आधार हवाय.

तर २०१४च्या नियमांनुसार स्माइटचे डी८ परत टाकता येतात का? आणि याबद्दल अधिकृत खुलासा नेमका कुठे आहे?